परतीचा पुरावा

आईला दोन नावं आहेत हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्याची कबुली एक दिवस अमेरिकेच्या सरकारकडे द्यावी लागेल, हे मात्र नव्हतं माहीत.

फॉर्मचं नाव डीएस-160. अमेरिकेला पाहुणे म्हणून जायचं असो की शिकायला, सुरुवात याच्यापासून. पहिल्याच पानावर प्रश्न होता: यापूर्वी तुम्ही दुसरं कुठलं नाव वापरलं आहे का? लग्नाआधीचं, धार्मिक, व्यवसायातलं किंवा 'एलियस'. एलियस म्हणजे आपलं उर्फ. आमच्याकडे उर्फ दोनच ठिकाणी वाचायला मिळतं, निवडणुकीच्या उमेदवारांच्या यादीत आणि पोलिसांच्या.

"लिही की," आई म्हणाली, "कुसुम."

1980 साली वाईला लग्न झालं तेव्हा ताम्हणात तांदूळ पसरून बाबांनी अंगठीनं 'सुमती' असं लिहिलं. "मला कुणी विचारलं नव्हतं. मी वाकून वाचलं तेव्हा मला कळलं आपण आता कोण ते." आई हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती, पण विसरलेलीही नव्हती. डीएड कुसुमचं, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या नेमणुकीचा पहिला कागद कुसुमचा आणि पुढची तेहतीस वर्षं नोकरी केली सुमतीनं. मधे राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात. ते राजपत्राचं पान प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या ट्रंकेत. ते शोधेपर्यंत फॉर्म बंद पडला. वीसेक मिनिटं काही केलं नाही की तो आपोआप मिटतो, आणि आईची एकही गोष्ट वीस मिनिटांत संपत नाही.

पुन्हा उघडायचा तर अर्जाचा क्रमांक हवा आणि एका गुप्त प्रश्नाचं उत्तर. मी प्रश्न निवडला होता: तुमच्या आईच्या आईचं नाव काय? म्हणजे आईची आजी, माझी पणजी. "सासरचं की माहेरचं?" आईनं विचारलं. सासरचं मी टाकलं होतं. माहेरचं काय, ते आता आईलाही आठवेना. सांगू शकतील अशी माणसं कधीच गेली.

जन्मतारीख 1 जून 1955. महाराष्ट्रात एका पिढीतली निम्मी माणसं 1 जूनला जन्मली आहेत, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि मास्तर ती तारीख लावून मोकळे व्हायचे. खरी जन्मवेळ आजीच्या म्हणण्यानुसार नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे, पाऊस पडत असताना. आईनं स्वतः मास्तरीण झाल्यावर किती पोरांना 1 जून चिकटवली असेल, देव जाणे. तिच्या वडिलांच्या जन्मतारखेच्या पुढे 'माहीत नाही' असा चौकोन होता, त्यावर टिचकी मारली. पुढचा प्रश्न: तुमचे वडील अमेरिकेत आहेत का?

"ते भोरच्या बाहेर पंढरपूरलाच काय ते गेले," आई म्हणाली.

मग आला कुळाचा प्रश्न. तुम्ही एखाद्या कुळाचे किंवा जमातीचे आहात का? तो विचारला आहे अफगाणिस्तान-सोमालियाकडच्या टोळ्यांसारखं काही डोळ्यांसमोर ठेवून, असा माझा अंदाज. पण आईचा चेहरा उजळला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच कुणीतरी कामाचं विचारलं होतं. गोत्र, देवक, मांढरदेवीची काळूबाई हे कुळदैवत, सगळं तिनं क्रमानं सांगितलं. मी मुकाट 'नाही'वर टिचकी मारली. तिला ते दिसलं. "आता कुळ पण नाही म्हण," ती म्हणाली आणि उठून चहा टाकायला गेली.

शेवटची पानं सुरक्षेची. तुम्ही हेरगिरी केली आहे का? लहान मुलांना सैन्यात भरती केलं आहे का? बळजबरीनं कुणाचे अवयव काढून दुसऱ्याला बसवण्यात तुमचा हात आहे का? मी हसत वाचत होते. आई हसत नव्हती. प्रश्न परीक्षेतला असतो, त्याला उत्तर असतं, हा तिचा जन्माचा धर्म. "कुणाचा छळ केला आहे का?" या प्रश्नावर ती थांबली.

"पाढे पाठ नसले की ओणवं उभं केलंय मी पोरांना. ते धरतात का?"

फोटोचं वेगळंच. दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, आणि 2016 पासून चष्मा चालत नाही. आईला चाळीस वर्षांपासून चष्मा आहे. फोटोवाल्यानं "अमेरिकेचा का? चष्मा काढा काकू" म्हटलं, आणि समोर जी बसली होती तिच्या नाकावर दोन बाजूंना दोन खड्डे होते आणि डोळे कुठेतरी भलतीकडे बघत होते. त्या फोटोतल्या बाईला मी ओळखलं नसतं. तिकडच्या संगणकानं ओळखलं.

एवढं सगळं कशासाठी, तर दादाकडे जायचं, नातीला बघायचं. पण कायद्याच्या नजरेत ही गोष्ट उलटीकडून सुरू होते. अमेरिकेचा स्थलांतराचा मूळ कायदा 1952 चा. त्यातलं 214(ब) हे कलम असं सांगतं की व्हिसा मागायला आलेला माणूस तिथे कायमचा राहायलाच निघाला आहे असं धरून चालायचं. नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी त्याची. म्हणजे खिडकीपुढे उभी राहणारी प्रत्येक सत्तरीची आजी आधी 'इमिग्रंट' असते. ती पाहुणी आहे हे तिनं पटवायचं. नकार येतो तो बहुतेक याच कलमाखाली.

व्हिसाची ती अक्षरं आहेत ना, बी-वन, बी-टू, एफ-वन, एच-वन-बी, तीही कुणी विचार करून ठेवलेली नावं नाहीत. त्याच कायद्याच्या 101 व्या कलमात, तात्पुरतं येणारे कोण कोण, याची यादी आहे. त्या यादीतल्या पोटकलमांचीच अक्षरं व्हिसांना चिकटली. ए म्हणजे राजदूत वगैरे, बी धंद्याच्या कामाला किंवा फिरायला येणारे, सी वाटेत थांबणारे, डी जहाजांचे-विमानांचे कर्मचारी, एफ विद्यार्थी, जे देवाणघेवाणीवर जाणारे संशोधक. बायको करून घ्यायला बोलावलेल्यांसाठी के, देवळातल्या पुजाऱ्यांना आर. अंगी असामान्य गुण असतील तर ओ. अशी बाराखडी व्ही पर्यंत जाते. एच-वन-बी हे नाव म्हणजे एच या पोटकलमाच्या पहिल्या उपकलमातलं बी, बस. लग्नाच्या बाजारात एके काळी ज्याचं एवढं वजन होतं ते अक्षर मुळात एका परिच्छेदाचा पत्ता आहे.

दादा यातली दोन अक्षरं चढला. 2009 मध्ये एफ-वनवर एमएस करायला गेला. मग ओपीटी, म्हणजे शिक्षण संपल्यावर काही काळ काम करायची मुभा. 2012 मध्ये एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. 2014 मध्ये कंपनीनं ग्रीन कार्डाचा अर्ज केला, तो मंजूरही झाला, आणि तेव्हापासून तो रांगेत आहे. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे 1 लाख 40 हजार, आणि एका देशात जन्मलेल्यांना त्यातली 7 टक्क्यांहून जास्त सहसा द्यायची नाहीत, असा हिशेब. आइसलँडलाही सात, आपल्यालाही सात. 2025 च्या मार्चमध्ये दादाच्या रांगेत नंबर लागत होता तो 2012 च्या डिसेंबरआधी अर्ज केलेल्यांचा. तो म्हणतो, "सव्वा वर्षाचंच तर अंतर आहे." त्या सव्वा वर्षाला किती वर्षं लागतील ते आम्ही विचारत नाही.

आईच्या फॉर्ममध्ये 'अमेरिकेतले जवळचे नातेवाईक' असा रकाना आला. मुलगा. त्याचा दर्जा काय? नागरिक, कायम रहिवासी, नॉन-इमिग्रंट, की माहीत नाही. ओहायोत त्याचं घर आहे, घरावर तीस वर्षांचं कर्ज आहे, अंगणातला बर्फ ओढायचं यंत्र आहे, तिथे जन्मलेली मुलगी आहे जिच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे. मी 'नॉन-इमिग्रंट' निवडलं, कारण तेच खरं उत्तर होतं. सोळा वर्षं तिथे राहिलेला माणूस कागदावर पाहुणा, आणि अजून बॅगही न भरलेली त्याची आई कागदावर स्थलांतरित. कायदा करणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही, त्यांची त्यांची कारणं असतील. पण त्या रकान्यावर बोट ठेवून मी जरा वेळ बसले.

तोच माणूस आईला भेटायला का येत नाही, असं शेजारपाजारचे विचारतात. त्यांना शिक्क्याची गोष्ट समजावून सांगणं कठीण आहे. तिथे राहण्याची परवानगी एक आणि तिथे आत शिरायचा व्हिसा दुसरा. परवानगी तिथल्या तिथे वाढवून मिळते, पण पासपोर्टातला व्हिसा संपला आणि तुम्ही देशाबाहेर पडलात, तर परत जाण्याआधी नवा शिक्का घ्यावा लागतो. तो शिक्का अडकला तर इकडेच अडकायचं. तिकडे नोकरी, घर, पोरगी. दादाचा शिक्का 2020 च्या डिसेंबरात संपला. 2021 च्या मे महिन्यात बाबा गेले. करोनाची दुसरी लाट. 4 मेपासून भारतातून अमेरिकेत जाणाऱ्या बहुतेक परक्या नागरिकांवर बंदी होती, इकडची व्हिसाची नेहमीची कामं थांबलेली होती. दादानं सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. अग्नी मी दिला. तेव्हापासून पितृपंधरवड्यात बाबांचं श्राद्धही मीच करते. पहिल्या वर्षी गुरुजी जरा कुरकुरले, तर आई म्हणाली, "मुलगी घरात आहे, तिला घेऊन करायचं नसेल तर राहू दे." त्यांनी केलं.

दादा एफ-वनच्या मुलाखतीला गेला होता तेव्हा कॉन्सुलेट ब्रीच कँडीला होतं, समुद्राला लागून, लिंकन हाउसमध्ये. तो आत, बाबा आणि मी भुलाभाई देसाई रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर. बाबांच्या हातात छत्री होती, ऊन होतं तरी. दीड तासानं दादा बाहेर आला तो हात हलवतच. त्या वेळी व्हिसा झाल्याची खूण साधी होती आणि आजही तीच आहे: पासपोर्ट ठेवून घेतला तर झालं, हातात परत दिला तर गेलं. दादाचे हात रिकामे होते. बाबांनी विचारलं, "काय विचारलं?"

"शिक्षण झाल्यावर काय करणार. म्हटलं, परत येणार."

बाबांनी छत्री मिटली. आम्ही तिघांनी रस्त्यावरच उसाचा रस घेतला. दादा खोटं बोलला नव्हता. त्या दिवशी त्याचा बेत तसाच होता, माझा अजूनही यावर विश्वास आहे.

1883 मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या. कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि न्यूयॉर्कला उतरल्या. नऊवारीतल्या अठरा वर्षांच्या बाईला धर्म बुडेल म्हणून छळणारे इकडे हजार होते, पण तिकडे व्हिसा मागणारं कुणी नव्हतं; ती पद्धतच नव्हती. 1917 मध्ये मात्र अमेरिकेनं आशियाच्या मोठ्या भागातल्या लोकांना दारच लावून घेतलं, त्यात आपण आलो. 1946 मध्ये ते किलकिलं केलं, भारताला वर्षाला शंभर जागा. अख्ख्या देशाला शंभर. 1965 च्या कायद्यानं तो कोटा गेला आणि मग डॉक्टर, इंजिनिअर जाऊ लागले. आमच्या आळीतला पहिला माणूस 1971 साली गेला, त्याच्या आईला ते शेवटपर्यंत 'विलायत' वाटत होतं.

आमची तारीख लागायला सव्वा वर्ष गेलं. लोक म्हणाले, नशीबवान आहात. करोनानंतर 2022 च्या अखेरीस मुंबईत पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना मुलाखतीसाठी हजाराच्या घरात दिवस थांबावं लागत होतं. आईच्या वयाच्या लोकांना हजार दिवस म्हणजे काय, ते तारखा देणाऱ्या यंत्राला कळायचं कारण नाही. अर्जाचे 185 डॉलर आधीच भरायचे असतात आणि नकार मिळाला तरी ते परत येत नाहीत.

या सव्वा वर्षात सल्ले फुकट मिळाले. एका एजंटानं पैसे घेऊन दिले. नात सांभाळायला जाते असं चुकूनही म्हणू नका, तो म्हणाला, ते 'काम' समजतात. फिरायला जाते म्हणा, नायगारा बघायचाय म्हणा. "वाहत्या पाण्याकडे बघून मला चक्कर येते," आई म्हणाली. मैत्रिणीनं हैदराबादजवळच्या चिलकूरच्या बालाजीचं सुचवलं. तिथे अकरा प्रदक्षिणा घालून व्हिसा मागतात आणि मिळाला की एकशे आठ घालतात, त्याला लोक व्हिसा बालाजीच म्हणतात. आईनं वाईच्या ढोल्या गणपतीला नारळ बोलला. घरचा देव, भाषा तरी कळेल त्याला.

आता कॉन्सुलेट बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. 2011 मध्ये हललं. आदल्या दिवशी बोटांचे ठसे द्यायला दुसऱ्या केंद्रात जावं लागतं, दहाही बोटांचे. आईच्या उजव्या हाताचा अंगठा यंत्राला पटेना. पुसला, चोळला, पुन्हा दाबला. खडू आणि भांडी यांनी घासलेल्या बोटांवर रेषा कितीशा राहणार? चौथ्या वेळेला हिरवा दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही हजर. आत मोबाइल नाही, पर्स नाही, बरोबर नातेवाईक नाही. रस्त्यावर पिशव्या सांभाळून ठेवणारी माणसं उभी असतात, पैसे घेतात, चिठ्ठी देतात. आईच्या हातात फक्त पारदर्शक फाइल. तिच्यात सातबारा, घराचा उतारा, पेन्शनचं पुस्तक, मुदतठेवीच्या पावत्या, दादाचे पगाराचे कागद, नातीचा जन्मदाखला आणि बाबांचा मृत्यूचा दाखला. साडेतीन किलो तरी असेल. रांगेत सगळ्यांच्या हातात तशाच फायली. जमिनीचे कागद घेऊन माणसं परदेशात जायची परवानगी मागायला उभी होती.

मी पलीकडे झाडाखाली थांबले. माझ्या शेजारी एक काका होते, त्यांची बायको आत होती. ते दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि मला सांगत होते की काळजी करण्यासारखं काही नसतं. एक तरुण जोडपं बाहेर आलं. मुलाच्या हातात निळसर पासपोर्ट आणि एक कागद. कुणी त्यांना काही विचारलं नाही. काकांनी मान दुसरीकडे वळवली.

आई आली ती फाइल छातीशी धरून. पासपोर्ट कुठे दिसेना. मला हायसं वाटलं, पण तिच्या चेहऱ्यावर अन्यायाची भावना होती.

"फाइल उघडलीच नाही गं तिनं. एक कागद नाही बघितला. मी आठवडाभर लावल्या होत्या त्या."

बाकीचं मला टॅक्सीत कळलं. खिडकीपलीकडे एक तरुण गोरी बाई, बाजूला मराठीसाठी दुभाषी मुलगा. कुठे जाताय? मुलाकडे, नातीला बघायला. आईनं खरं तेच सांगितलं, नायगारा तिच्या तोंडातून निघालाच नाही. मुलगा काय करतो, किती वर्षं तिथे आहे, खर्च कोण करणार. आई पटापटा बोलत गेली. तोंडी परीक्षा तिनं आयुष्यभर घेतलेल्या. मग बाईनं विचारलं, परत कधी येणार?

"मी म्हटलं, भाद्रपदात यांचं श्राद्ध असतं. पितृपंधरवड्याच्या आत आलंच पाहिजे."

"मग?"

"तो मुलगा अडखळला. श्राद्धाला इंग्रजीत काय म्हणतात गं? त्यानं काहीतरी लांबलचक सांगितलं, त्यातलं मला 'हसबंड' तेवढं कळलं. तिनं टाइप करायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. मग काहीतरी म्हणाली आणि पासपोर्ट बाजूला ठेवला."

बस पनवेलच्या पुढे आली तेव्हा दादाचा फोन आला. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली, तो जागाच होता. आईनं स्पीकर लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. ठसे, फाइल, दुभाषी. श्राद्धाचं सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही.

"आणि दहा वर्षांचा मिळतो म्हणे," आई म्हणाली. रांगेत भेटलेल्या बाईंनी तिला ही माहिती दिली होती. "मी काय करू दहा वर्षं तिथे?"

"दहा वर्षं राहायचं नसतं गं आई. दहा वर्षांत कितीदाही येता येतं. एका वेळी साधारण सहा महिने, तेसुद्धा विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. व्हिसा म्हणजे नुसतं दारापर्यंत येऊ देतात."

"असं होय." आईनं ते नीट समजून घेतलं. मग विचारलं, "आणि तुला रे? तुला इकडे यायला कुठला लागतो?"

"मला?" दादा म्हणाला. "मला काही लागत नाही आई. माझा पासपोर्ट आपलाच आहे."

बस घाट चढत होती. आई थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

"मेतकूट किती आणू?" तिनं विचारलं.